एका दिशेचे त्रिकोण

चकती पडली तेव्हा आवाज झालाच नाही, असं ती नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली. खरं म्हणजे व्हायला नकोच होता. चेंबरच्या आत हवा नव्हती. तिनेच पंप लावून, चेंबर भाजून, पुन्हा पंप लावून ती काढली होती, आणि जिथे हवा नाही तिथे आवाज कशावरून चालत येणार? पण चकती तळाच्या पोलादावर आपटली आणि पोलादातून, चिमट्याच्या लांब दांडीतून, थेट तिच्या तळहातात आली. एक बारीकशी टिक. दातांच्या डॉक्टरकडे हत्याराचं टोक दाढेला लागतं तेव्हा ते कानाला कमी आणि कवटीला जास्त ऐकू येतं, तशी. ती काचेच्या गोल खिडकीला डोळा लावून तशीच उभी राहिली. आत, दिव्याच्या उजेडात, चिमट्याच्या दोन पात्यांमध्ये काहीच नव्हतं. मग तिने डोळा काढला आणि दांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवरून फिरत होते, सावकाश, एका लयीत, जणू चिमटीत काहीतरी धरून त्याची गोळी वळत होते. तिने ते फिरवले नव्हते. तिने बघितलं तसे ते आणखी थोडा वेळ फिरले आणि थांबले.

"काय पडलं?" हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून भोंग्याने विचारलं.

"चिमटा सैल झालाय," ती म्हणाली.

भोंगा म्हणजे तिच्याच वयाचा, तिच्याच हॉलमध्ये पलीकडच्या चेंबरवर काम करणारा शास्त्रज्ञ. वंगणांवर संशोधन करायचा. त्याचं हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणाला आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते पहिल्याच दिवशी कळायचं. तो फोनवर बायकोशी बोलला की घरातला नळ गळतोय की थांबलाय हे अख्ख्या मजल्याला समजायचं. दोघांचं वर्षानुवर्षं पटत नसे, म्हणजे एका छपराखाली राहणाऱ्या दोन बिऱ्हाडांचं पटत नाही तसं; त्याच्या पंपाचा आवाज, तिची खिडक्या बंद ठेवण्याची सवय, द्रव नायट्रोजनची टाकी आधी कुणाची. तरी कुणाचंही यंत्र बिघडलं की तोच पुढे व्हायचा, कारण दुसऱ्याने ते चुकीचं उघडलेलं त्याला बघवायचं नाही. आत्ताही पाना घेऊन तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला, वाकून खिडकीतून पाहिलं आणि जीभ चावली. "स्प्रिंग गेल्या महिन्यात मीच बदलली होती," तो म्हणाला. "माझ्याच हातून काही राहिलं असेल."

"असेल," ती म्हणाली.

हा एकच शब्द ती संध्याकाळी घरी घेऊन गेली. रस्त्यात पुलाचं काम चालू होतं, बसने मोठा वळसा घेतला, आणि बाहेर सिमेंटच्या धुळीत उभ्या असलेल्या लोखंडी सळ्यांकडे बघत तिने उजवा हात मांडीवर ठेवला आणि त्याची वाट पाहिली. हात शांत होता. दोन थांबे गेले, हात शांतच. तिला जरा बरं वाटलं, तिने खिडकीबाहेर पाहिलं, भलत्याच कशाचा तरी विचार आला, आणि पुन्हा खाली पाहिलं तर बोटं गोळी वळत होती. तिला ते माहीत होतं. ही लय तिने लहानपणी इतक्या वेळा पाहिली होती की डोळे मिटून टेबलावर वाजवून दाखवता आली असती.

वडील न्हावी होते. दुकान एवढंसं, दोन खुर्च्यांचं, त्यातल्या एकीवर कधी कुणी बसलं नाही, कारण दुसरा कारागीर कधी ठेवलाच नाही. शाळेतून येताना ती तिथे थांबायची, बाकावर बसून अभ्यास करायची, आणि आरशात वडिलांची पाठ नि गिऱ्हाइकाचं तोंड असं एकदम दिसायचं. त्यांचा हात आधी कधी हलायला लागला ते तिला सांगता आलं नसतं. एवढंच आठवत होतं, की हात रिकामा असला की वेडा व्हायचा आणि कामाला लागला की शहाणा. गिऱ्हाईक नसलं की टॉवेलच्या घडीखाली तो आपला वळत बसायचा. वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावरून फिरला, गालाच्या फेसाला टेकला, की एकदम गप्प. आई म्हणायची, थकवा आहे. वडीलही म्हणायचे, थकवा आहे. तिलाही ते पटलं होतं, कारण पटवून घेण्यात सगळ्यांची सोय होती. मग एकदा, ती बाकावर भूमितीचं पुस्तक घेऊन बसलेली असताना, वस्तरा गिऱ्हाइकाच्या कानाखाली थांबला होता. वडील त्याचं बोलणं संपायची वाट बघत होते. हात हवेत स्थिर धरलेला. आणि त्या स्थिर हातात मागून, उशिराने, ती लय आली. पांढऱ्या फेसात एक लाल रेघ उमटली, अगदी सरळ, पट्टीने मारल्यासारखी, आणि मग ती रुंद व्हायला लागली. वडिलांनी तुरटी दाबली, टॉवेल दाबला, आणि आरशात बघत म्हणाले, "तुम्ही हललात." गिऱ्हाईक सभ्य होतं. म्हणालं, "हो, हललो असेन."

असेल. असेन. बसमध्ये तिने उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. 

ज्या चकतीसाठी हे सगळं चाललं होतं ती शर्टाच्या बटणाएवढी होती. रुथेनियम नावाच्या धातूची, आरशासारखी घासलेली. डोळ्यांना सपाट दिसायची, पण प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी बघणाऱ्या त्या सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तिच्या पाठीवर पायऱ्या दिसायच्या, एकेका अणूच्या उंचीच्या, डोंगराच्या उतारावरच्या शेतांसारख्या. त्या पायऱ्यांवर ती सिरियम ऑक्साइडचा थर वाढवायची. सिरियम हे दुर्मिळ मृदांपैकी एक, आणि दुर्मिळ मृदा म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा असला प्रकार. मृदाही नाही आणि सिरियम तर जमिनीत जवळजवळ तांब्याइतकं सापडतं. थर वाढायचा तो सरळ रंग दिल्यासारखा नाही. आधी कुठेतरी एक ठिपका पडायचा, मग त्याचा त्रिकोण व्हायचा, मग त्रिकोण मोठे होत होत एकमेकांना भिडायचे. अडचण एवढीच, की प्रत्येक पायरीवर धातूच्या अणूंची रचना खालच्या पायरीच्या उलट फिरलेली असते, आणि त्यामुळे अर्धे त्रिकोण एका दिशेला तोंड करायचे नि अर्धे बरोबर विरुद्ध. असे दोन उलटे त्रिकोण भिडले की मध्ये शिवण पडते. विषारी धूर निवळवायला हे थर वापरतात. थर उसवतो तो कायम त्या शिवणीतून. तिला बिनशिवणीचा थर हवा होता. कितीतरी वर्षं हव्या त्या रुंदीची पायरी मिळत नव्हती. या चकतीवर, एका कडेला, ती मिळाली होती. एक मोठं, पसरट मैदान, आणि त्यावर एकदाच, फक्त एकदाच, सगळे त्रिकोण एका दिशेला तोंड करून वाढले होते. एकदा म्हणजे काहीच नव्हे. एकदा काय, पावसातूनही माणूस कोरडा निघू शकतो. ते पुन्हा करून दाखवायचं होतं, आणि चकती तळाला पडली होती.

चेंबर उघडावं लागलं. आत हळूहळू नायट्रोजन सोडला, बोल्ट काढले, झाकणांमधल्या, सांधा हवाबंद करणाऱ्या तांब्याच्या गॅस्केट टाकून दिल्या, आणि भोंग्याने खांद्यापर्यंत हात आत घालून, गाल पोलादाला चिकटवून, आतून चकती बाहेर काढली. कडेला एक ओरखडा होता. मैदान होतं ती कड वाचली होती. "नशीब," भोंगा म्हणाला, आणि मग त्याने चिमटा काढून आपल्या टेबलावर नेला. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. पण तोवर त्याने भिंग डोळ्याला लावलं होतं, आणि एवढा वाकलेला माणूस बघितल्यावर तिला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातला राखीव चिमटा बसवून चेंबर बंद केलं, फॉइलमध्ये गुंडाळलं, सगळीकडून चंदेरी, आणि भाजायला ठेवलं. भिंतींना चिकटलेलं पाणी सुटेपर्यंत ते असं तापत ठेवावं लागतं. तेवढ्या दिवसांत करण्यासारखं काहीच नसतं. ती डॉक्टरकडे गेली.

डॉक्टर तिच्याहून बरीच लहान होती आणि खूप कमी बोलायची. तिने हात मांडीवर ठेवायला सांगितले आणि महिन्यांची नावं उलट म्हणायला लावली. डिसेंबर, नोव्हेंबर. ऑगस्टपर्यंत येईतो बोटांनी सुरुवात केली होती. अंगठ्यावर बोट आपटा. मनगट फिरवा, बल्ब बसवल्यासारखं. बाहेर पॅसेजमध्ये चाला. पॅसेज लांब होता, शेवटी खिडकी, खिडकीत कुणीतरी विसरलेली छत्री, ती चालत गेली, परत आली, आणि डॉक्टर म्हणाली, "उजवा हात झुलत नाही." एक वाक्य लिहा म्हणाली. तिने लिहिलं. सुरुवातीची अक्षरं तिची होती, शेवटची मुंगीची.

"वास येतो नीट?"

"येतो की," ती म्हणाली, आणि तिला चेंबर आठवलं. भाजत ठेवलेल्या चेंबरला एक वास असतो, तापलेल्या धातूचा, जुन्या इस्त्रीसारखा. तो वास तिला आवडायचा. या वेळी तिने फॉइल बांधली, तापमान वाढताना बघितलं, जवळ उभी राहिली, आणि वास आला नव्हता. मागच्या खेपेलाही नव्हता. भोंगा मध्ये एकदा "काहीतरी जळतंय" म्हणून तिच्या पंपाभोवती नाक घेऊन फिरला होता आणि तिने त्याला वेड्यात काढलं होतं. वास जाताना सांगून जात नाही. तिला ते सगळ्यात वाईट वाटलं, हातापेक्षाही; घरातली एखादी वस्तू कुणीतरी कधीच नेलेली असावी आणि आपण रोज तिच्या जागेवरून फडकं मारत असावं, तसं.

"घरात कुणाला होतं?"

"वडिलांना."

"कंपवाताची सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाली. "काही तपासण्या करू, पण मला फारशी शंका नाही. औषधं आहेत. चांगली आहेत."

"किती वर्षं काम करता येईल मला?"

"ते ज्याला सांगता येतं असं वाटतं, त्याच्याकडे जाऊ नका."

हे उत्तर तिला आवडलं. तिच्या धंद्यातलं उत्तर होतं. पायऱ्या उतरताना तिने कठडा धरला नाही, मुद्दाम, आणि खाली आल्यावर तो मूर्खपणा होता हे कळून ती स्वतःशीच हसली.

आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत होती. आता वयाने ती फार हळू सोलायची, पण एकही दाणा खाली पडू द्यायची नाही. लेकीने संसार केला नाही, मग आईच तिच्याकडे राहायला आली होती, आणि दोघी एकमेकींना फारसं काही न विचारता नीट राहत होत्या. तिने खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं. आईचे हात थांबले नाहीत. एक शेंग झाली, दुसरी झाली.

"कुठला हात?"

"उजवा."

"त्यांचाही उजवाच," आई म्हणाली.

"पण मी लपवणार नाही. बाबांसारखं नाही करायचं मला."

आता आईने शेंग खाली ठेवली. "त्यांच्यासारखं म्हणजे कसं?"

"गिऱ्हाईक हललं म्हणायचं. मी होते तिथे, बाकावर. बघितलंय मी."

आई तिच्याकडे बघत राहिली, एखादं पोर खूप मोठ्या आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतं तेव्हा बघतात तशी. "तू दिवस एकच बघितलास," ती म्हणाली. "ते मुलांच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर होते. तुझे बाबा दोन रात्री जेवले नाहीत. मग म्हणाले, चल माझ्याबरोबर, एकट्याने तोंडातून शब्द निघायचा नाही. गेलो दोघं. मास्तरांच्या कानाखाली ही एवढी पट्टी. हे उभेच राहिले. म्हणाले, तुम्ही नव्हता हललात, हात माझा हलला."

"मग?"

"मास्तरांनी पट्टीवर हात ठेवला. मग म्हणाले, आता दाढी कुठे करायची मी? हे म्हणाले, ठेवून बघा, तुमच्या तोंडाला शोभेल." आईने पुन्हा शेंग उचलली. "वस्तरा त्या दिवसापासून बंद. नंतर दुकान चाललं ते नुसत्या कात्रीवर. लोकांना सांगायचे, हल्ली दाढी घरीच करतात."

कॉलेजला गेल्यानंतर सुट्टीत ती घरी यायची, तेव्हा दुकानात एक दाढीवाले गृहस्थ असायचे. पुढे झुकून, डोळे मिटून, वडिलांच्या कात्रीखाली. कात्री क्षणभर थांबायची, लय ओसरू द्यायची आणि मग पुढे चालायची. ते गृहस्थ तिला ओळखीचे वाटायचे आणि दाढीमुळे ओळख लागायची नाही. तिने कधी विचारलं नव्हतं. ती तेव्हा मोठ्या गावात शिकत होती आणि दोन खुर्च्यांच्या त्या दुकानाची तिला जरा लाजच वाटायची. वडील पाय ओढत चालायचे तेव्हा ती दोन पावलं पुढे चालायची. तिला एकदम जोरात वाटलं, की आयुष्यभर ती एका माणसाशी मनातल्या मनात भांडत आली आणि तो माणूस त्या भांडणात कधी नव्हताच.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुझी परीक्षा होती," आई म्हणाली. "आणि मग तू विचारलं नाहीस. वाटी दे ती इकडे."

दुसऱ्या दिवशी चेंबर गार झालं होतं. ती फॉइल सोडवत होती; भोंगा आपल्या टेबलाशी, स्प्रिंगला बारीकसं वजन टांगून, ती किती ताणते ते बघत होता. त्याने चष्मा कपाळावर चढवलेला होता आणि तो चक्क कुजबुजत होता, स्वतःशी.

"चिमटा ठीक होता," ती म्हणाली.

"ते मला कळतंय. तीनदा उघडला. तरी पडली म्हणजे—"

"हात माझा हलला."

त्याने वजन उतरवून ठेवलं. "तुला केव्हा कळलं?"

"तेव्हाच."

"त्याच दिवशी."

"हो."

त्याचा आवाज चढेल असं तिला वाटलं होतं. ती त्याच्या तयारीनेच उभी होती. पण आवाज खाली गेला, आणि ते फारच अवघड निघालं. "मी इथे बसून स्प्रिंगचा ताण मोजतोय, मॅडम," तो म्हणाला. "घरी जाऊन बायकोला म्हटलं, आता माझ्या हातून चुका व्हायला लागल्या. वय झालं. तिने मला सूप करून दिलं. आजारी माणसाला देतात तसं. मी प्यायलो ते." तो उठला आणि बाहेर निघून गेला. दार त्याने आपटलं नाही. ती फॉइल सोडवत राहिली, एकेक पट्टी काढून घडी करून ठेवत राहिली, जणू ती पुन्हा वापरायची होती. बऱ्याच वेळाने तो आला. नुसता पाना न्यायला आला असावा, कारण पाना हातात घेतल्यावरही तो तिथेच उभा राहिला.

"हलला म्हणजे काय? बरं नाहीये का तुला?"

तिने सांगितलं. नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, वासाचं सांगितलं. त्याने मान खाली घातली होती आणि पान्याच्या दातांमधली काजळी नखाने काढत होता.

"म्हणजे पुढे वाढत जाणार."

"हो."

"मग काय ठरवलंयस?"

"थर वाढवायचा. पण चकती उचलून बसवायला हात हवेत. तुझे."

"मला त्रिकोणांचा कंटाळा येतो."

"माहीत आहे."

"आणि तू शिकवताना टोचून बोलतेस. त्या मागच्या मुलाला रडवलं होतंस."

"तेही माहीत आहे."

भोंग्याने पाना खिशात घातला. "सूप मात्र चांगलं झालं होतं," तो म्हणाला.

त्याच दुपारी ती संस्थेच्या संचालकांकडेही जाऊन आली. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी तिला पाणी दिलं आणि टेबलावरचं काम देऊ केलं. अहवाल तपासायचे, समित्यांवर बसायचं. ती पाणी प्यायली. पेला दोन्ही हातांनी धरला. "पुढच्या वर्षीचाही सूक्ष्मदर्शकाचा वेळ माझ्या नावावर ठेवा," ती म्हणाली, आणि ते काही म्हणायच्या आत उठली, कारण दयेला एकदा खुर्ची दिली की ती लवकर उठत नाही.

शिकवणं सोपं नव्हतं. बाहेर टेबलावर, काढलेल्या चिमट्याने, पोलादाची एक नकली चकती घेऊन भोंगा सराव करायचा, आणि ती पडली की असा काही बोलायचा की पॅसेजमधून जाणारे थांबायचे. तिला वाटलं होतं, आपल्याला सगळं माहीत आहे, फक्त सांगायचं. पण माहीत होतं ते तिला नाही, तिच्या हाताला. आणि हाताने ते तिला कधी सांगितलंच नव्हतं. "हळू," ती म्हणायची. "हळू म्हणजे किती हळू?" तो विचारायचा. मग ती घरी जाऊन आईच्या पायावरची शाल सरळ करताना थांबायची, हात काय करतो ते बघायची. "झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण काढतोस, तितकं," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, आणि त्याला ते एका खेपेत जमलं. घाट लागला की चाक जसं दोन हातांनी धरतोस. ओली काच उचलतोस तशी. ती शब्द शोधत राहिली. काही लागू पडले, काहींवर तो नुसता हसला. कधीकधी त्याने काही नीट केलं की तिला ते सहन व्हायचं नाही. मत्सरच तो, दुसरं नाव नव्हतं त्याला. ती तो मत्सर तसाच राहू द्यायची आणि पुढचं वाक्य सांगायची.

खरी चकती त्याने बसवली तेव्हा ती दुसऱ्या खिडकीला डोळा लावून उभी होती. "डावीकडे. अजून. आता श्वास सोड. सरकव." चकती खोबणीत गेली. त्याच्या मानेवर घाम होता. मग तिने चकती पांढरी होईपर्यंत तापवली, गार केली, बेताचा ऑक्सिजन सोडला, सिरियमची वाफ सोडणारी कांडी तापायला लावली, आणि ते दोघं पडद्यासमोर बसले. करडं मैदान, कडेला पायरीची काळी रेघ. मग ठिपके आले. खूप आले, एकदम, अंगावर पुरळ उठावं तसे. त्यांचे त्रिकोण झाले.

"आले की," भोंगा म्हणाला.

ती बघत होती. एक इकडे, एक तिकडे. मैदानभर दोन्ही तोंडांचे, बारीक, दाटीवाटीने. ते भिडले तशा शिवणी उमटल्या. चकती खराब नव्हती, धातू स्वच्छ होता. तिने आपणच लावलेला आकडा पाहिला आणि तिला कळलं. कांडी तिने फार तापवली होती. सिरियम भराभर पडत होतं. दिशा शोधायला अणूंना सवडच मिळाली नव्हती, जो जिथे पडला तिथे बसला. मागच्या खेपेला तिने असं केलं नव्हतं. मागच्या खेपेला ती पॅसेजमध्ये चालली नव्हती, शेवटची अक्षरं मुंगीची झाली नव्हती. घाई तिची होती. डॉक्टरच्या पायऱ्या उतरल्यापासून ती पाठीमागे लागली होती, आणि तिला वाटलं होतं ती जिद्द आहे.

"काढून टाकूया," ती म्हणाली.

"काढू? आत्ता तर वाढला."

"हा उपयोगाचा नाही. आर्गनने खरवडून काढ. उद्या पुन्हा."

भोंग्याने तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि आर्गन वायूच्या तोटीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तिने चकती आणखी तापवली आणि कांडी इतकी मंद ठेवली की बराच वेळ पडद्यावर काहीच झालं नाही. भोंगा दोनदा उठला, बसला. त्याने विचारलं, चालू आहे ना. ती हो म्हणाली. करडं मैदान करडंच राहिलं. असं काही न होणं बघत बसायची तिला सवय होती. त्यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं, आणि ते वाया गेलं असं तिला कधी वाटलं नव्हतं. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. मग मैदानाच्या मध्यावर एक ठिपका पडला. पुष्कळ लांब, कोपऱ्यात, दुसरा. तिसऱ्याला इतका वेळ लागला की पहिल्याला तोवर तीन बाजू आल्या होत्या, धारदार, उजळ. त्याचं टोक वरती होतं. दुसऱ्याचंही वरती. ती पुढे झुकली. तिसऱ्याचं वरती, चौथ्याचं. पायरीच्या काळ्या रेघेपलीकडे एक खालती तोंड करून वाढत होता, आणि तो तसाच वाढायला हवा होता. पलीकडची पायरी त्याची होती. अलीकडच्या मैदानावर एकही उलटा नव्हता. दुपार कलली. त्रिकोण सावकाश मोठे होत गेले, पहिला दुसऱ्याला टेकला, दोघांमधली करडी पट्टी बारीक झाली, आणखी बारीक, आणि बुजली. तिने ती जागा मोठी करून पाहिली. शिवण नव्हती. कुठला कुठे संपला ते आता कुणालाही सांगता आलं नसतं.

भोंग्याने खुर्ची पुढे ओढली. मग त्याने, तिने आजवर कधी न ऐकलेल्या हलक्या आवाजात, विचारलं, "हे तुला रोज असंच दिसतं?"

"नाही," ती म्हणाली. "रोज नाही."

पडद्यावर शेवटचे दोन त्रिकोण एकमेकांपासून केसाएवढ्या अंतरावर आले होते. तिने ते जवळ येऊ दिले, मिटू दिले, आणि मग म्हणाली, "आता कांडी बंद कर. मग ऑक्सिजन. हळू."

त्याने विचारलं नाही किती हळू. त्याने हात पुढे केला आणि फिरकी फिरवायला लागला.